हरल्यानंतरचे तीन दिवस

पास शिकवतो, हेडिंग शिकवतो, टायब्रेकरला कुठल्या कोपऱ्यात मारायचं तेही शिकवतो. हरल्यावर कसं वागायचं, हे मात्र आपण पोरांना शिकवत नाही. मालकाला आणि बाहेर उभं राहून बघणाऱ्यांना तर कुणीच शिकवत नाही. मी पुण्यातल्या खडकीत एका लहान फुटबॉल क्लबचं काम बघतो. जिल्हा लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये आमची टीम खेळते. स्वतः स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू म्हणून खेळलो. आता टीमशीट भरण्यापासून बॉलमध्ये हवा भरण्यापर्यंत सगळं माझ्याकडे असतं. पराभवापेक्षा त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत जे बोललं जातं त्याने टीमचं जास्त नुकसान होतं, हे माझं पक्कं मत आहे. म्हणून कधी गप्प बसायचं, कधी बोलायचं आणि कुणी कुणाशी बोलायचं, ते इथे सविस्तर लिहितो.

शिट्टीपासून गेटपर्यंत

शेवटची शिट्टी वाजली की आधी समोरच्या टीमशी हात मिळवायचे, मग रेफ्री आणि दोन्ही लाइन्समनशी. आमच्याकडे त्याआधी एक काम असतं: कॅप्टनने आपल्या गोलीपर्यंत चालत जायचं आणि त्याला सोबत घेऊन यायचं. बाकीचे दहा जण मैदानाच्या मध्यात, एकमेकांच्या जवळ असतात. गोली पन्नास पावलं लांब, एकटा असतो आणि शिव्या घालणारे लोक नेमके गोलच्या मागे उभे असतात. तेवढं अंतर तो एकट्याने चालला की काही ना काही त्याच्या कानावर पडतंच, आणि ते त्याच्यासोबत घरी जातं. सोबत कॅप्टन असला की लोकही जरा आवरतात.

त्यानंतर मॅचबद्दल एक शब्दही नाही. कुणीच बोलायचं नाही, कोचनेही नाही. स्टड्स काढा, पाणी प्या, केळं खा, स्ट्रेचिंग करा, बिब्ज मोजून पिशवीत टाका. कोचने दोनच गोष्टींबद्दल बोलायचं: कुणाला लागलंय आणि पुढची प्रॅक्टिस कधी. त्या वेळी छाती धपापत असते, डोकं तापलेलं असतं आणि प्रत्येकाला शेवटचा गोल तेवढा आठवत असतो. पहिल्या हाफमध्ये कुणी तीनदा मार्किंग सोडलं, म्हणजे ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याला मोकळं सोडलं, ते कुणाच्याही लक्षात नसतं. त्या अवस्थेत झालेला निवाडा खरा असूच शकत नाही.

‘कुणाला लागलंय’ हा प्रश्न नावापुरता विचारू नका. 26 मे 2018 ला कीव्हमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल झाली. लिव्हरपूलचा गोली लोरिस कारियसने हाताने टाकलेला बॉल करीम बेन्झेमाच्या पायाला लागून आत गेला. नंतर गॅरेथ बेलचा लांबून मारलेला शॉट त्याच्या हातातून निसटला. रियाल माद्रिद 3-1 ने जिंकली आणि कारियसला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. काही दिवसांनी अमेरिकेत बॉस्टनच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. पहिल्या चुकीच्या थोडंच आधी सर्जिओ रामोसचं कोपर त्याच्या चेहऱ्याला लागलं होतं. त्या मॅचमध्ये मेंदूला मार बसला असावा आणि त्याचा नजरेवर परिणाम झाला असावा, असं त्यांनी सांगितलं. तोपर्यंत जगाने निकाल लावून टाकला होता. आपल्याकडे लीगच्या मॅचला डॉक्टर असेलच असं नाही, म्हणून नियम साधा ठेवा: डोक्याला मार बसलेला खेळाडू त्या मॅचमध्ये परत आत जाणार नाही. तो कितीही “सर, मी ठीक आहे” म्हणाला तरी नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आणि मोबाइलचा व्हिडिओ

टीमच्या ग्रुपला ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही सेटिंग असते. शिट्टी वाजल्यापासून प्रॅक्टिसच्या दिवसापर्यंत ती चालू ठेवा. रात्री साडेअकराला टाकलेलं एक वाक्य, त्याखाली चार जणांचे अंगठे आणि पाचव्याचं हसणारं तोंड. ज्याच्याबद्दल ते लिहिलंय तो पोरगा पुढच्या प्रॅक्टिसला येत नाही. अशी चांगली पोरं गेलेली मी पाहिली आहेत. ग्रुप बंद म्हणजे बोलणं बंद नाही, ते मंगळवारी प्रॅक्टिसला होणारच आहे.

मधल्या वेळात एकाच माणसाने काम करायचं: व्हिडिओ बघायचा. मोठ्या कॅमेऱ्याची गरज नाही. पायऱ्यांवर सगळ्यात वरती, मध्यरेषेच्या आसपास एक मोबाइल स्टँडवर लावला की पुरे. पॉवर बँक विसरू नका. बघताना गोलपासून सुरुवात करा आणि उलटं जा, किमान तीन पास मागे.

यामुळे किती फरक पडतो ते एका गोलवरून सांगतो. एसएसपीएमएसच्या मैदानावर आम्ही 3-1 हरलो. तिसरा गोल वीस यार्डांवरून आला, जमिनीलगत, गोलीच्या अंगाखालून. मैदानावर, चहाच्या टपरीवर, सगळीकडे एकच: गोलीने घालवली. व्हिडिओ मागे नेला. आमच्याच हाफमध्ये डाव्या बाजूला आमचा थ्रो होता, म्हणजे रेषेबाहेरून हाताने बॉल आत टाकायचा होता. तो घ्यायला दोन्ही मिडफिल्डर रेषेजवळ गेले, त्यामुळे मधली जागा मोकळी पडली. थ्रो मागे स्टॉपरकडे आला, त्याच्यावर दबाव होता, त्याने घाईत बॉल मध्ये उडवला. तो त्यांच्या आठ नंबरला मिळाला, त्याच्या आजूबाजूला आमचं कुणी नाही. त्याने विंगरला दिला आणि विंगरने मारला तेव्हा आमचा उजवा बॅक बरोबर गोलीच्या नजरेच्या आड उभा होता. गोलीला बॉल दिसला तो शेवटच्या क्षणी. एका गोलमध्ये पाच जणांचं काम होतं आणि शिव्या एकट्याने खाल्ल्या होत्या.

त्या आठवड्यात आम्ही गोलीला एकही ज्यादा ड्रिल दिलं नाही. थ्रोचा सराव केला. दोघांपैकी एकाने रेषेकडे जायचं, दुसऱ्याने मध्येच थांबायचं, एवढंच पुन्हा पुन्हा.

मंगळवारची बैठक

वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. सगळे जमिनीवर बसतील, कोचसुद्धा. क्लिप तीनच, त्यातली एक आपण चांगलं खेळलो त्याची. आधी कोचने स्वतःच्या निर्णयांबद्दल बोलायचं: टीम अशी का निवडली, बदली खेळाडू उशिरा का पाठवला. मग सगळ्यात लहान पोरगा बोलेल. सीनियर आधी बोलले की लहान मुलं मान डोलावण्यापलीकडे जात नाहीत, आणि मैदानात काय दिसलं हे त्यांच्याकडून कळलं तर पाहिजे असतं.

वाक्याची घडण बदलायला लावा. “तू माणूस सोडलास” असं म्हटलं की समोरचा स्वतःचा बचाव करणार. “कॉर्नरला त्यांचा सहा नंबर मोकळा होता, पुढच्या वेळी तो कुणाचा?” असं म्हटलं की लगेच उत्तर येतं, कुणीतरी हात वर करतं. माणसाच्या स्वभावावर, हिमतीवर, घरावर काही बोलायचं नाही. “तुझ्यात दमच नाही” हे ऐकून मंगळवारी कुणी काय सुधारणार? वाक्य असं हवं की त्यावरून अर्ध्या तासात एखादं ड्रिल करता येईल. बैठक संपली की तेच ड्रिल करायला उठायचं.

आपल्याच देशाचं उदाहरण देतो, आणि ते मी दर सीझनला नव्या पोरांना सांगतो. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून 10-1 हरला. थंडीत आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. ‘आपल्या लोकांच्या रक्तातच फुटबॉल नाही’ असं म्हणून विषय मिटवता आला असता. पण भारताच्या फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले आणि कोच सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली टीमची रचनाही बदलत गेली. 1956 ला मेलबर्नमध्ये आपण यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं, नेव्हिल डिसोझाने हॅट्‌ट्रिक केली, आणि आपण चौथे आलो. 1962 ला जकार्ताच्या एशियाडमध्ये पहिलीच मॅच दक्षिण कोरियाकडून 2-0 गेली. त्याच कोरियाला 4 सप्टेंबरला फायनलमध्ये 2-1 हरवून आपण सुवर्ण आणलं. मधल्या काळात रहीमसाहेबांनी स्टॉपर जर्नैल सिंगला पुढे खेळवला. डोक्याला टाके पडलेले असताना तो खेळला आणि फायनलमध्ये गोलही केला. टाके घालून मी आज कुणालाही उतरवणार नाही, ते सोडून द्या. पण हरल्यावर नेमकं काय बदलायचं हे शोधणारी नजर हवी, ती रहीमसाहेबांकडे होती.

बाहेरून येणारी टीका

खेळाडूने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. बोलणाऱ्याने मॅच पाहिली होती का? तो जे म्हणतोय त्यात मी करू शकेन असं काही आहे का? आणि हेच कोचनेही म्हटलंय का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर वहीत लिहून ठेवा. नसेल तर सोडून द्या. उत्तर द्यायला कधीच जाऊ नका, इन्स्टाग्रामवर तर नाहीच. क्लबतर्फे काही बोलायचं असेल तर ते कोच किंवा सेक्रेटरी बोलेल.

जात, धर्म, रंग, प्रदेश, बाई असणं यांवरून जे बोललं जातं ती मात्र टीका नव्हेच. त्याला हे प्रश्न लागू होत नाहीत. पुण्यात शिकायला आलेली मणिपूर-मिझोरामची पोरं, आफ्रिकेतले विद्यार्थी आपल्या लीगमध्ये खेळतात. त्यांना काय काय ऐकावं लागतं ते मैदानावर येणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. इथे गप्प बसणं हा गुन्हा समजा. कॅप्टनने लगेच रेफ्रीला सांगायचं, खेळ थांबवायला सांगायचं. ऑनलाइन असेल तर स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा, आणि आयोजकांकडे व सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार करा. तक्रार क्लबच्या नावाने करा, म्हणजे खेळाडूला एकट्याला उभं राहावं लागत नाही.

जुलै 2021 मध्ये वेम्बलीवर युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या फायनलला, टायब्रेकरमध्ये इंग्लंडच्या मार्कस रॅशफर्ड, जेडन सँचो आणि बुकायो साका यांच्या पेनल्टी हुकल्या. तिघांवर रंगावरून गरळ ओकली गेली. साका तेव्हा 19 वर्षांचा होता. मँचेस्टरमधलं रॅशफर्डचं भित्तिचित्र कुणीतरी विद्रूप केलं, तर आसपासच्या लोकांनी ते चिठ्ठ्यांनी आणि फुलांनी झाकून टाकलं. तीन वर्षांनी, 2024 च्या युरोत स्वित्झर्लंडविरुद्ध साकाने बरोबरीचा गोल केला आणि टायब्रेकरला पुन्हा जाऊन पेनल्टीही मारली. ती आत गेली. त्याला पुन्हा त्या जागी उभा करणारे कोच गॅरेथ साउथगेट. त्यांची स्वतःची पेनल्टी 1996 च्या युरो सेमीफायनलमध्ये हुकली होती. पेनल्टी हुकलेल्या पोराला काय हवं असतं हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

आई-बाबांसाठी थोडक्यात

घरी जाताना गाडीत मॅचचा विषय तुम्ही काढू नका. बाणेरहून कोथरूडला जाईपर्यंत मूल कैदेत असतं, त्याला उठून जाता येत नाही. भूक लागलीय का, गुडघा दुखतोय का, एवढं विचारा. त्याने स्वतः विषय काढला तर ऐका. रेषेवरून “मार!”, “पळ!” ओरडणं बंद करा, कारण कोच नेमकं उलट सांगत असण्याची शक्यता मोठी आहे. आणि मुलाला बाहेर का काढलं हे विचारायचं असेल तर त्याच संध्याकाळी नाही, दोन दिवसांनी, मूल शेजारी नसताना.

मालकाने काय करावं

आमच्यासारख्या क्लबचा मालक म्हणजे किटचा, रेफ्रीच्या फीचा, पाण्याचा आणि वडापावचा खर्च उचलणारा माणूस. कुणी केटरर असतो, कुणी बांधकामवाला, कुणी धंद्यात बरं चाललेला जुना खेळाडू. पैसे त्याचे जातात, त्याला राग येणारच. तो कुठे आणि कसा काढायचा एवढाच प्रश्न आहे.

सीझन सुरू व्हायच्या आधी कोचसोबत बसून एका कागदावर लिहा: या वर्षी काय पाहिजे. डिव्हिजन टिकवायचं? तीन नवी पोरं तयार करायची? वर जायचं? यातलं एक निवडा. नवी पोरं तयार करायला सांगायचं आणि तिसऱ्या पराभवाला “अनुभवी खेळाडू का नाही घेतले” असा फोन करायचा, हे अन्यायाचं आहे. आढावा अर्ध्या सीझनला घ्या, प्रत्येक मॅचनंतर नाही. हरल्यावर पोरं कपडे बदलत असतात तिथे जाऊ नका. कोचशी एकट्याशी बोला. खेळाडूचं नाव घेऊन चारचौघांत बोलू नका, कौतुकाचं असेल तर खुशाल बोला. कोचनेही मालकाच्या फोनची वाट बघू नये. सोमवारी सकाळी आपणहून तीन ओळी पाठवाव्यात: काय झालं, काय बदलणार, कोण जखमी आहे. हा मेसेज वेळेत गेला तर निम्मे फोन येतच नाहीत.

कोच बदलावा का? अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर 1986 ला मँचेस्टर युनायटेडला आले आणि मे 1990 पर्यंत त्यांनी एकही ट्रॉफी जिंकली नव्हती. 1989 च्या डिसेंबरात प्रेक्षकांनी त्यांना निरोपाचा फलक दाखवला होता. संचालकांनी त्यांना ठेवलं, पुढे त्यांनी ट्रॉफ्यांची रांग लावली, तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे. उलट लेस्टरने कोच क्लाउदिओ रानिएरींना, त्यांनी इंग्लंडची लीग जिंकून दिल्यावर नऊ महिन्यांत, फेब्रुवारी 2017 ला काढलं. मला ते आजही लागतं, पण काढल्यावर लेस्टर खालच्या डिव्हिजनमध्ये जाण्यापासून वाचलं हेही खरं आहे. म्हणून उदाहरणांवर जाऊ नका, आपल्या मैदानावर बघा. प्रॅक्टिसला येणारी पोरं कमी होताहेत का? तोच गोल पुन्हा पुन्हा बसतोय का? मंगळवारी ठरलेलं रविवारी दिसतंय का? पोरं येताहेत आणि चुका नव्या आहेत तोपर्यंत कोचला हात लावू नका. पोरं यायची थांबली तर मात्र निकाल चांगले असले तरी विचार करा.

आणि थांबायचं असेल तर सीझन संपल्यावर, पोरांना समोर बसवून, देणी चुकती करून थांबा. पुण्याने हे पुरेसं सोसलं आहे. पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमध्ये, दुसरी आली आणि 2015 ला संपली. भारत एफसी एकाच सीझनची ठरली. एफसी पुणे सिटी 2017-18 ला आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) सेमीफायनलला पोचली, तिथे बेंगळुरूकडून हरली, आणि 2019 ला तिची जागा हैदराबादने घेतली. बालेवाडीला पुणे सिटीची नारिंगी जर्सी घालून जाणाऱ्यांना पुढच्या मॅचचा पराभव मिळायचीही सोय राहिली नाही.

बघणाऱ्यांनो

शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबा. खेळावर ओरडा, “पास दे”, “मागे ये”, सगळं चालतं. नावाने आणि आईवरून नाही. 27 मे 2023 ला डॉर्टमुंडला जर्मन लीग जिंकायला घरच्या मैदानावर माइन्झला हरवायचं होतं, 2-2 झालं आणि विजेतेपद गोलफरकाने बायर्नकडे गेलं. डॉर्टमुंडचे रडवेले कोच एडिन टर्झिच यांच्यासाठी तिथला पिवळा स्टँड टाळ्या वाजवत उभा राहिला. दुसरं टोकही आपल्याच देशात आहे: 16 ऑगस्ट 1980, कोलकाता, ईडन गार्डन्स, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. स्टँडमधल्या मारामारीत आणि चेंगराचेंगरीत 16 जण गेले.

1 जून 2018 ला मुंबईत भारत चायनीज तैपेईविरुद्ध 5-0 जिंकला तेव्हा स्टेडियमवर 2,569 माणसं होती. भारताचा तेव्हाचा कॅप्टन सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकून विनवलं: टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर या. पुढची मॅच हाउसफुल्ल झाली. मी त्याच्या म्हणण्यातला दुसरा भाग घेतो. मैदानावर येऊन नव्वद मिनिटं उन्हात उभा राहिलेला माणूस काही बोलला तर आमची पोरं ऐकून घेतात. हायलाइट्स बघून बोलणाऱ्याचं ऐकायला बांधील नाहीत.

रात्री युरोपातल्या मॅच बघणाऱ्यांसाठी एवढंच: अडीचला टीम हरली की फोन बाजूला ठेवून झोपा. सकाळी हिंजवडीला जायचं असतं, आणि त्या वेळी खेळाडूच्या अकाउंटवर लिहिलेलं वाक्य सकाळी खोडता येतं, परत घेता येत नाही.

रेफ्रीबद्दल वेगळं लिहितो कारण निम्मा राग त्याच्यावरच निघतो. तो स्कूटरवरून येतो, कुठेतरी आडोशाला कपडे बदलतो, थोड्या मानधनावर दिवसाच्या दोन-दोन मॅच चालवतो. त्याच्याशी फक्त कॅप्टनने बोलायचं. निर्णय पटला नसेल तर मॅचनंतर आयोजकांना लेखी द्या. गोल झाला की नाही, फाउल होता की नाही, हे निर्णय नियमांनुसार अंतिम असतात, त्यामुळे ते बदलून मागू नका. नियम चुकीचा लावला गेला असेल, ज्याला दोन पिवळी कार्डं मिळाली तो आतच राहिला असेल, तर तेवढंच मुद्द्याला धरून लिहा.

आता राहिली पुढच्या मॅचची टीम. ती गुरुवारीच सांगा. ज्याच्या चुकीवर सगळे बोट ठेवत होते तो फिट असेल आणि मंगळवारी आला असेल तर त्याला खेळवा. त्याला हे यादी लावण्याआधी, बाजूला घेऊन, स्वतः सांगा. बसवायचं असेल तरीही तसंच बाजूला घेऊन सांगा: व्हिडिओत काय दिसलं, परत यायला काय करावं लागेल आणि कोणत्या मॅचपर्यंत.